दोन नंबरची जर्सी

३ मार्च
रग्बी संघटनेचं पत्र. आयर्लंडकडून खेळलेल्या आम्हा जुन्या बायकांना आता टोप्या देणार – मखमली, गोंड्याच्या, पुरुषांना पहिल्या सामन्यापासून मिळतात तशा. तीस वर्षांनी का होईना! सोबत यादी. ‘तपासून कळवा.’
तपासली. वेल्सविरुद्धचा सामना, दोन नंबरची जर्सी – अट्राक्टा टुमी. चूक! सामन्याआधी सरावात तिचा पाय मुरगळला. मी राखीव, तिचीच जर्सी चढवून उतरले. छापील पत्रकातलं नाव कुणी बदललंच नाही.

४ मार्च
नवरा म्हणतो, “कळवून टाक. खेळलीस तू.” पण माझे आणखी दहा सामने आहेत, टोपी मला मिळणारच. अट्राक्टाच्या नावावर हा एकच. तो खोडला की तिची टोपी गेली.
पस्तीस वर्षं गणित शिकवलं. चुकीच्या उत्तराला कधी अर्धा गुण दिला नाही.

७ मार्च
क्लबात मुलींचा सराव. अट्राक्टा शिकवते, मी चहा-सँडविच बघते. चिखलच चिखल. झकास!
“अगं क्लिओना, मिठी काय मारतेस? पाड तिला!” मग माझ्याकडे वळून, “डिम्फ्ना, लोणी लावतेयस की भिंत रंगवतेयस?”
एका चिमुरडीनं विचारलं, “मिस, तुमचा कान असा चेंबलेला का?”
“वेल्सविरुद्धचा सामना,” म्हटलं.
यादी तिलाही आली असणार. पण बोललो ते फक्त सरावाचं.

८ मार्च
लिहून टाकलं – ‘यादी बरोबर आहे.’ सही केली, पत्र पेटीत टाकलं. येताना बेकरीतून सोडा ब्रेड आणला, गरम.

१४ मार्च
संघटनेतून फोन. अट्राक्टाचंही पत्र गेलंय – ‘मी खेळले नाही. डिम्फ्ना खेळली.’ “मग खरं कुणाचं, मॅडम?”
सायकल काढली, थेट तिच्या दारात.
“मूर्ख आहेस! असलेला एक सामना खोडतेस?”
“खेळलेच नाही, तर खोडायचं काय? आणि तू खोटं लिहिलंस? तू? उद्या मुलींना सांगते!”
दोघी हसत सुटलो. मग मी म्हटलं, “पाय मुरगळला, त्यात तुझा काय दोष?”
ती किटली भरायला उठली. बराच वेळ भरत होती.

१५ मार्च
सकाळीच आली. दारातच, कोटही न काढता म्हणाली, “पाय मुरगळला नव्हता. तुझे वडील तसल्या आजारपणात तुझा खेळ बघायला बोटीनं वेल्सला आले होते, आणि तू बाकावर. म्हटलं, मला काय, पुढचा सामना मिळेलच.”
पुढचे दहाही मीच खेळले.