चौऱ्याऐंशी हजारांचा आकडा आणि न खोललेले चार बोल्ट

मी, एमिलबेक ओसोरोव, वय सत्तेचाळीस, राहणार तोकमोक, धंदा जुन्या गाड्यांची पारख, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, मी दारू घेतलेली नाही आणि कोणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहवून घेत नाही. सोमवारी बिश्केकला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मीही गिऱ्हाइकांना असेच सांगत असे.

कलम १. दोन खोल्यांचे घर, मागची जर्दाळूची तीन झाडे आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी आइझादा हिचे. तिच्या आईने आणि मी वेगळे होताना जे वाटून घेतले, त्यावर आता कोणी बोलू नये.

कलम २. माझी पारखीची हत्यारे, म्हणजे बॅटरी, दांडीचा आरसा आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबकही आइझादालाच. ती गाडीत बसली की आधी मीटर बघत नाही. स्टिअरिंगची चकाकी बघते, सीटची डावी-उजवी कड बघते, पट्टा पूर्ण ओढून त्याचे सुटलेले धागे बघते. आकडा सर्वात शेवटी. हे मी तिला शिकवले. माझ्या हातून झालेले एवढेच एक निखळ काम.

कलम ३. माझे थोरले बंधू झुमाकादिर ओसोरोव यांना मी ब्रेकच्या पेडलचे एक रबर ठेवून जात आहे. ते जवळजवळ नवे आहे. कुठल्या गाडीचे, हे त्यांना विचारावे लागणार नाही.

बाकीच्यांसाठी लिहितो. पाच वर्षांपूर्वीच्या वसंतात भूगोलाचे मास्तर असानकुल आणि त्यांची बायको बुरुल बाजारात निळी जपानी गाडी बघायला आले. गाडी दादाची होती, पारख माझी. मीटरवर चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. सीटची कड मात्र बसली होती, आणि पेडलचे रबर कोरे करकरीत. जीर्ण पेडल खरे बोलते, नवे पेडल काहीतरी लपवते. मी वाकून बघत होतो, तेवढ्यात दादा ओरडला.

"काय रे, सख्ख्या भावाच्या गाडीत नाक खुपसतोस? लाज वाटते का?"

"दादा, रबर का बदललंस?"

"पाय घसरत होता म्हणून! थांब." समोशांच्या टपरीवरून त्याने एक गोल नान आणला, बॉनेटवर ठेवला आणि त्यावर पंजा दाबला. "मीटर मी फिरवला असेल तर हा नान मला लागो!"

आमच्याकडे नानवर हात पडला की विषय संपतो. त्यानंतर पाना हातात घेणे म्हणजे माणसाच्या नव्हे, अन्नाच्या तोंडात मारणे. मास्तरच म्हणाले, "बस्स हो, बस्स! नानची शपथ घेतली, आता काय बघायचं?" त्यांनी तुकडा मोडला, बुरुलताईंनी मोडला, मीही मोडला. इंजिनावरच्या झाकणाचे चार बोल्ट मी खोलले नाहीत. उलट वर सांगितले, "आतला टायमिंगचा पट्टा लाखभर किलोमीटर चालतो, अजून पंधरा हजार सहज चालेल. घाई नको."

मी शिकलेला माणूस आहे. नानने पट्टा मजबूत होत नाही, हे मला तेव्हाही कळत होते.

शरद ऋतूत तो-आशू घाट उतरताना पट्टा तुटला. गाडी बुरुलताई चालवत होत्या. इंजिन बंद पडले की ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच साथ देतो. मग पेडल दगड होते. मास्तर जागीच गेले. बुरुलताई सगळ्यांना सांगत राहिल्या की पेडल दाबले जात नव्हते. सासू म्हणाली, "ब्रेक सोडून हिनं दुसरंच काही दाबलं. माझा पोरगा खाल्ला." आजतागायत त्यांना सासरच्या अंगणात पाय ठेवू दिलेला नाही.

मी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन ते चार बोल्ट खोलले. झाकणाच्या आत जपानी मेकॅनिकने चिकटवलेली पट्टी होती: पट्टा बदलला, ९८,२०० किलोमीटर. मीटरवर चौऱ्याऐंशी हजार दाखवणाऱ्या गाडीत! आणि तो बदललेला पट्टाही झिजून तुटला होता. पट्टी काढली, रबर काढले आणि दादाकडे गेलो.

"मी कुठं फिरवला?" दादा म्हणाला. "बाजारातल्या कंटेनरच्या दुकानातल्या पोरानं फिरवला. मी शपथेत 'मी' म्हणालो होतो."

"माणूस मेला, दादा."

"घाटात माणसं मरतात. आणि गाडी पास कुणी केली, पारखीसाहेब?"

म्हणून मी गप्प बसलो. हेही दादाच्या नावावर लिहायचा मोह होतो. पण गप्प मी बसलो, माझ्या अब्रूसाठी.

कलम ४. माझी नववी वही, जिच्या २१४व्या पानावर त्या दिवशीची नोंद "पेडल नवे. का?" अशी आहे, आणि ती जपानी पट्टी, माझ्या मृत्यूनंतर बुरुलताईंना द्यावी.

कलम ५. दफनाच्या वेळी इमाम विचारतील, "हा माणूस कसा होता?" आणि रांगेतले सगळे एका सुरात म्हणतील, "चांगला होता." कृपया म्हणू नका. तोही मागे फिरवलेलाच मीटर आहे. माझ्या बाजूने दादाने तर उभे राहूच नये.

कलम ६. कलम ४ रद्द. काल लिहिले, आज वाचले आणि स्वतःची किळस आली. मेल्यावर खरे सांगणे म्हणजे गाडी विकून गिऱ्हाईक घाटात गेल्यावर खरा आकडा सांगणे. वही आणि पट्टी आज दुपारी बुरुलताईंच्या स्वयंपाकघरात जाऊन मी स्वतः दिली. सासूबाईंना, पोलिसांना किंवा साऱ्या बाजाराला दाखवायची असेल तर त्यांची मुखत्यारी. विचारले तर मी जबाब देईन.

त्यांनी पान दोनदा वाचले. चहा गार झाला.

"पेडल तुला दिसलं होतं?"

"हो, ताई."

"आणि पाच वर्षं तू माझ्याकडे येऊन जॅम खात होतास."

"हो."

"माझी सासू मला खुनी म्हणायची, तेव्हा याच खुर्चीवर बसून मान हलवायचास."

मी उठलो, तेव्हा त्यांनीच विचारले की मृत्युपत्राला साक्षीदार कोण आहे. एक कमी होता. "आण इकडे," त्या म्हणाल्या. "माफ केलं म्हणून नाही. नंतर तू फिरवशील, म्हणून."

त्यांना या पत्राने आता काहीच मिळत नाही, त्यामुळे त्यांची साक्ष चालेल. प्रत्येक पान त्यांनी वाचले आणि प्रत्येक पानाखाली सही केली.

ठिकाण: तोकमोक
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

(सही) एमिलबेक ओसोरोव

साक्षीदार १: (सही) शैलोओ बेकताशेव, शेजारी

साक्षीदार २: (सही) बुरुल असानकुलची बायको. सहीखाली त्यांच्याच अक्षरात: गाडी मी चालवत होते. ब्रेकच दाबला होता.