दाजींच्या कानशिलावरची शीर

झरी, माघ १९८६

प्रिय बन्सी,

अनेक आशीर्वाद. अक्काचं पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझे दाजी मात्र महिनाभर मरायच्या तयारीत होते. झालं असं, की बोडक्या डोक्यानं पारावर बसले असताना मुंजाजी कंपाउंडर म्हणाला, "तुमची कानशिलावरची शीर लय फुगायलीय. ही फुटली की माणूस जागीच खलास."

घरी आले ते थेट आरशासमोर. या माणसानं जन्मात आरसा बघितला नव्हता, पटकासुद्धा अंदाजानंच बांधायचे. आता मला कुंकू लावायला आरसा मिळेना. शीर खरंच गांडुळासारखी वळणं घेत वर गेलेली. मग त्या कुशीवर झोपायचं नाही, तिखट खायचं नाही, आवाज चढवायचा नाही. औताच्या बैलांनाही "चल बाबा" म्हणायला लागले. बैल थांबून मागे बघायचे, आज औतामागे कोण आहे म्हणून. भाजीत मीठ विसरलं तर "असू दे" म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

शेवटी परभणीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी शीर बोटानं दाबली, दुखतं का विचारलं. न्हाई. डोकं दुखतं का, नजर अंधारते का? न्हाई. चावताना जबडा दुखतो का? यावर दाजींचा चेहरा पांढराफटक. "दुखतो जी, लय दुखतो." काय चावताना? "ऊस." डॉक्टर हसू दाबत म्हणाले, कारखान्याचा ऊस एकट्यानं संपवायला गेलं तर दुखणारच. तरी रक्त तपासलं, रक्तदाब बघितला. सगळं ठीक निघालं. वय झालं, अंग उतरलं की काहींची शीर नुसती दिसते, म्हणाले. पुढे डोकं दुखलं किंवा नजर अंधारली तर मात्र लगेच या.

पण परभणीला जाताना एसटीत एक गोष्ट घडली. खिडकीकडे तोंड करून तुझे दाजी म्हणाले, "बन्सीला एकदा बघावं वाटायलंय." पंचफुलाच्या लग्नानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच आलं. मी पदर तोंडाला लावून रडले. त्यांना वाटलं, शिरेसाठीच रडतेय.

काय लग्न झालं रे ते. तू मुलीचा मामा, मानाचा माणूस, आणि पंगतीत वाढत बसलास. तेवढ्यात फेटे बांधून झाले, तुझ्यापर्यंत येईतो संपलेही, आणि तुझ्या हातात टॉवेल-टोपी पडली. तू न जेवता गंगाखेडची गाडी धरलीस. दुसऱ्या दिवशी दाजी स्वतः फेटा घेऊन आले, तो तू उंबऱ्यातूनच परत पाठवलास. घरी येऊन त्यांनी आपला पटका खुंटीला अडकवला. "मेव्हण्याला माझा फेटा चालत नसंल तर माझ्या बी डोक्याला काई नको." तेव्हापासून ते उन्हातान्हात बोडके हिंडतात आणि मी भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. सख्खा भाऊ गंगाखेडात असताना चंद्राला. तो बापडा साडी देत नाही, जेवायलाही थांबत नाही.

आता खरं सांगते, आणि हे वाचून पत्र चुलीत घाल. ती शीर नवी नाही. माझं लग्न झालं तेव्हापासून मी ती बघतेय. राग आला की वर येते. ती बघूनच मी ठरवते, आता बोलायचं की पाणी आणायला जायचं. पटका होता तोवर चारचौघांत झाकलेली असायची, म्हणून गावाला दिसली नाही, आणि आरसा बघत नव्हते म्हणून त्यांना स्वतःलाही नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण भीतीनं हा माणूस मऊ पडत होता, म्हणून गप्प बसले. डॉक्टरांनी सगळा घोळ केला. काल बैलाला पुन्हा शिवी बसली, आज मिठावरून ताट सरकवलं. येत्या शनिवारी दाजींनी शिरेपायी बोललेला नवस फेडायला आम्ही पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात जातोय. तुझा फेटा आणि त्यांचा पटका, दोन्ही मी पिशवीत घातलेत. तू बोडक्यानंच ये. त्यांनी तुला बांधावा, तू त्यांना बांध, आणि ती शीर एकदाची झाका. भीती पुरती उतरायच्या आत ये, बन्सी. मला आता चंद्राला ओवाळायचं नाही.

तुझीच,
कमलअक्का