झाकणाची शेगडी

रविवार, ८ नोव्हेंबर १९५९

आणली एकदाची शेगडी! नथूनं आतल्या कोंबड्या हाकलल्या आणि वर मलाच म्हणाला, "अंडी माझी हायेत, भांडं तुझं."

नथू धरणावरच्या बंगल्याचा राखणदार. अब्बा दरसाल तिथली तांब्याची भांडी कल्हई करायला जातात, मी बरोबर भाता मारायला. बंगल्यातला गोरा साहेब चार वर्षांपूर्वी विलायतेला गेला, मागे ही वस्तू राहिली. तलावात बोटी बांधायला पोकळ लोखंडी गोळे तरंगत असतात, त्यातला एक मधोमध कापून त्यानं धरणाच्या कारखान्यात करून घेतलेली. खालचा अर्धा गोळा म्हणजे शेगडी, वरचा अर्धा म्हणजे झाकण, मधे जाळी. साहेब त्यात अख्खी कोंबडी भाजायचा. बाहेरून खरपूस आणि आत लोण्यासारखी — सांगताना नथू आवंढे गिळत होता.

बदल्यात आमचं जुनं घंगाळ दिलं.  परत येताना बैलगाडीत अब्बांनी एकदा विचारलं, "हे भांडं कुणाचं?" पौड आलं तेव्हा पुन्हा तेच. टोमणे कळतात मला.

तीन पायांतला एक नाही, जाळी गंजून मोडली आहे, झाकणाला मूठ नाही. असू दे. मला तरी कोण धड म्हणतं?

मंगळवार, १० नोव्हेंबर

युनूसभाईचं पत्र. खडकीच्या कारखान्यात लागल्यापासून भाईचं अक्षरही साहेबी झालंय. लिहितो — घरोघर आता कल्हई न लागणारी जर्मनची भांडी आली, अब्बांच्या कल्हईला कुत्रं विचारत नाही, रविवार २० डिसेंबरला येतो आणि दोघांना घेऊन जातो. सामान बांधून ठेवा.

विचारलेलं नाही. कळवलेलं आहे.

खडकीची ती खोली मी पाहिली आहे. भाई, भाभी, तीन मुलं, आणि नळाला रांग. तिथं मी कोण? भाभीच्या हाताखालची बिनपगारी बाई. दोन वर्षांपूर्वी तलाक होऊन पौडला आले तेव्हाच ठरवलं होतं, दुसऱ्या बाईच्या चुलीपाशी पुन्हा बसायचं नाही. इथं चूल माझी आहे. गळकी का असेना, कौलं माझ्या डोक्यावर आहेत.

रविवारी पुण्याच्या मोटारी तलावाकडे जातात. चहाला आमच्या स्टँडसमोर थांबतात. चहाबरोबर काय? कालची भजी! तिथं माझी शेगडी लागली पाहिजे. भाई उतरेल तेव्हा आधी त्याच्या हातात कोंबडीची तंगडी द्यायची, मग बोलायचं. भाईचा राग पोटातून जातो.

चाळीस दिवस आहेत.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

तीन दिवस गंज. विटेची भुकटी, राख, रॉकेल, काथ्या. नखं गेली. अब्बा ओट्यावर बसून बघत होते. म्हटलं जरा हात लावा. म्हणाले, "लोखंड हाय ते. आपलं काम न्हाई."

चाळीस वर्षं लोकांची भांडी घासली. लेकीच्या एका भांड्याला हात लावायचा तर ते आपलं काम नाही!

शनिवार, १४ नोव्हेंबर

बोटांना फडकी गुंडाळून बसले आहे. स्वस्थ बसवत नाही.

बुधवार, १८ नोव्हेंबर

धाकलू लोहाराकडे, माल्याला. एस.टी.च्या टपावर शेगडी, खाली मी. कंडक्टरनं विचारलं, "बाई, ही तोफ कुटं लावायची?" गाडीभर हसू. मीही हसले, काय करणार.

धाकलूनं गोळा तीनदा फिरवून पाहिला. "झाकान लावलं की इस्तू इझंल. मंग शिजवनार कशावर?"

मी म्हटलं, खाली भोकं पाड.

"मंग राख सांडंल."

भोकांखाली पत्र्याची थाळी टांग.

"लई वटवट हाय बाई तुजी," म्हणाला, पण डोळे चमकले. बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा काढून पाय केला. जाळीला नवे गज बसवले. बुडाला तीन भोकं पाडली आणि त्यावर सरकती पट्टी माझ्या डोक्यातून निघाली — उघडली की वारा, बंद केली की विसावा. धाकलू म्हणाला, साहेबाच्या टकुऱ्यात बी हे न्हवतं आलं. मूठ बाभळीची, म्हणजे हात भाजणार नाही.

निघताना म्हणाला, "चाचा बरा हाय न्हवं? परवा आला व्हता, बसला, काय काम व्हतं ते न सांगताच गेला."

अब्बा कुणाकडे जाऊन काय सांगतात ते मला माहीत आहे. माझं गाऱ्हाणं.

रविवार, २२ नोव्हेंबर

पेटवली. झाकण लावलं. विझली.

पुन्हा. विझली. पट्टी सताड उघडी, तरी विझली. सबंध दुपार धूर खाल्ला. शेजारची सारजाबाई स्टँडवर भाजी विकते, तिनं जाताजाता विचारलं, "काय गं, घर पेटलं का काय?"

बसले डोकं धरून. आणि अब्बा ओट्यावरून, माझ्याकडे न बघता बोलले — "वरनं बी भोक पाड. धूर कोंडला की इस्तू गुदमारतो. भात्याचा वारा बी भाईर पडाया वाट मागतो."

दोन आठवड्यांत पहिलं शहाणं वाक्य. आणि तेही त्यांच्याकडून! रडू आलं मेलं. धूर होता म्हणून खपलं.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

झाकणाला वरून भोक, त्यावर फिरती चकती. धाकलूनं पैसे घेतले नाहीत, पहिली तंगडी मागितली आहे.

रविवार, २९ नोव्हेंबर

पहिली कोंबडी. मुलाण्याकडून कापून आणली, दही-मिरची-लसूण लावून दुपारभर ठेवली. वर कोळसा, आत कच्ची. कुत्र्यानंही आधी हुंगून पाहिली.

चूक कळली. निखारे बरोबर कोंबडीच्या खाली होते. चुलीची सवय, दुसरं काय. निखारे एका अंगाला पाहिजेत, कोंबडी दुसऱ्या.

रविवार, ६ डिसेंबर

जमलं! जमलं!

चकती अर्धी, पट्टी अर्धी, दीड तास झाकणाला हात लावला नाही. हातांवर बसून राहिले म्हटलं तरी चालेल. उघडली तेव्हा वासानं स्टँडवरचे दोन ड्रायव्हर वाट विचारत आले. सारजाबाई कोंबडी खात नाही, तिच्यासाठी कडेला रताळी ठेवली होती. एक फोडून तोंडात टाकलं, भाजलं, तरी थुंकली नाही. म्हणाली, "म्हातारपनी दात पडल्यावर बी ह्ये खाता येईल."

अब्बांनी दोन वेळा घेतलं. मग बोटं चाटत विचारलं, "हे भांडं कुणाचं म्हनायचं?"

माझं, अब्बा. माझं. किती वेळा बोलून दाखवणार?

सोमवार, १४ डिसेंबर

काल दुसरी खेप, तीही जमली. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं रविवारपुरती वळचण द्यायचं कबूल केलं आहे. सामान बांधलेलं नाही. एक चमचासुद्धा नाही.

शनिवार, १९ डिसेंबर

उद्या. सगळी तयारी. कोळसा चाळून घेतला. चार वेळा शेगडी पुसली. अब्बांना म्हटलं, उद्या भाईसमोर दोन शब्द माझ्या बाजूनं बोला. मान डोलवली. बरं वाटलं.

रविवार, २० डिसेंबर

काय लिहू.

सकाळी कोंबड्या आणायला मुलाण्याकडे गेले. तिथून भाईला घ्यायला स्टँडवर. गाडी उशिरा आली. त्याला घेऊन घरी येते तो अंगणात भट्टी लावलेली, अब्बा घामानं निथळताहेत, आणि माझी शेगडी — आतून लखलखतेय. झाकण, बूड, जाळी, सगळ्याला कल्हई! एका हातानं भाता आणि एका हातानं कापसाचा बोळा. साठवलेलं सगळं कथील त्यात घातलेलं.

ज्यानं चाळीस वर्षं दारोदार बायकांना बजावलं, "भांडं रिकामं चुलीवर ठेवू नगा, कल्हई वितळंल," त्यानं जिच्यात निखारे घालायचे तिला कल्हई केली. आजच्याच दिवशी.

मला म्हणाले, "बघ, कशी झाली. भाता मारायला तू पायजे व्हतीस."

 वाटलं, उघडी पेटवून आधी सगळी कल्हई वितळवून टाकू. खालची गेली, ओघळून निखाऱ्यात पडली. झाकणाची राहिली. वेळ कुठे होता? भाईची चारची परतीची गाडी.

झाकण लावलं. उघडलं तेव्हा कोंबडीवर पांढरे मणी. वाळवलेल्या खारकेवर साखर बसावी तसे. मी वेचत होते, भाई बघत होता. तरी त्यानं एक घास घेतला. दाताखाली कथील आलं. बाहेर काढून तळहातावर धरलं आणि हसला. मोठ्यानं नाही. मोठ्यानं हसला असता तर बरं होतं.

सारजाबाई आणि दोघे ड्रायव्हर कुंपणाशी उभे होते. 

मग मी बोलले. सगळ्यांदेखत. म्हटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. तुम्हाला खडकीला जायचंय, लेकाकडे आयतं बसायचंय, म्हणून माझ्या पायावर धोंडा घातलात. अब्बा म्हणाले, "भांडं हाय न्हवं ते? मंग कल्हई नगं?"

त्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. भाईला म्हटलं, यांना आजच ने. मी जाणार नाही. कोयत्यानं कापलंस तरी जाणार नाही. पण यांच्याबरोबर एका छपराखाली मी आता राहणार नाही.

भाई म्हणाला, तू रमजानपर्यंत करून बघ. जमलं तर राहा. अब्बांना मी नेतो.

म्हणजे हवं ते मिळालं की!

चारच्या गाडीनं गेले. अब्बांनी बोचकं नेलं, भाता नेला नाही. गाडीत खिडकीशी बसले. मी हात केला नाही.

मंगळवार, २२ डिसेंबर

शेगडी पुन्हा घासली. झाकण दोनदा पेटत्या निखाऱ्यांवर पालथं घातलं, उरलीसुरली कल्हई उतरवली. कथलाचे गोळे डबीत भरले. फेकणार होते.

घर मोठं वाटतं. बरं आहे, पसरायला जागा.

रविवार, २७ डिसेंबर

पहिला दिवस. चार कोंबड्या, दीड वाजेपर्यंत एकही उरली नाही. पुण्याच्या एका बाईनं मोटारीतून उतरून विचारलं, हे यंत्र कुठून आणलंत? मी म्हटलं, माझं आहे. धाकलू माल्याहून तंगडीसाठी आला, बसला, शेगडीचा पाय ठोकून पाहिला, खूश होऊन गेला.

सगळं जमलं. मग घरी येऊन अंगण तीनदा का झाडलं मी? ओट्याकडे पाहिलं की राग येतो. अजून येतो. एवढा दिवस गेला, एक शब्द सांगायला कोणी नाही याचाही त्यांच्यावरच राग येतो.

मंगळवार, २९ डिसेंबर

सारजाबाई घागर घेऊन आली. मातीची. दारातच उभी राहिली. "दावू का नगं, म्हनत व्हते."

घागरीच्या बुडाशी कथील गोठलेलं, आणि एका अंगानं काठापर्यंत तडा. दिवाळीच्या आधी अब्बांनी तिच्याकडून मागून नेली, कल्हई करून देतो म्हणाले. तिला थट्टा वाटली. त्याच आठवड्यात पलीकडच्या फुलाबाईची पीठ मळायची लाकडी काथवट भट्टीवर ठेवायला निघाले होते, तिनं हातातून हिसकावून घेतली.

म्हटलं, मला का सांगितलं नाहीस?

"तू रोज त्येंच्या संगं ऱ्हातीस. आमाला वाटलं, तुला ठावं हाय."

मातीला कल्हई. लाकडाला कल्हई. आणि 'हे भांडं कुणाचं' हा टोमणा नव्हता, त्यांना आठवतच नव्हतं. म्हणजे माझ्यावर राग नव्हता, खडकीची ओढ नव्हती, काही नव्हतं. लेकीचं भांडं दिसलं, म्हणून होतं तेवढं कथील घातलं. आणि मी त्यांना घराबाहेर काढलं.

पुण्याची पहिली गाडी सहाला आहे. अब्बांना आणायला जातेय.