दुपारी तीनची गोळी

ज्या कृपाळूच्या इच्छेने हृदय न सांगता चालते आणि जीभ सांगूनही थांबत नाही, त्यास प्रथम वंदन.

प्रिय मेहुणे यांस, तुमच्या भावोजींचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा, सूनबाईंची परीक्षा आणि सर्वांची प्रकृती ठीक असावी. तुमची ताई तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. ती परत केव्हा येणार, हे विचारण्यासाठी हे पत्र नाही (तसा अर्थ कोणी काढल्यास माझा इलाज नाही). केवळ माझ्या औषधाविषयीचा सत्य वृत्तांत तुमच्यापर्यंत पोहोचावा, एवढाच हेतू. कारण तिने सांगितलेल्या वृत्तांतात मी जास्त बोलतो असे आले असण्याचा संभव आहे.

हृदय ही गुहा असून तीत ईश्वराचा वास आहे, एवढे मी जन्मभर सांगत आलो. तेथे जाणाऱ्या वाटा अरुंद झाल्या आहेत, हे मात्र डॉक्टरांकडून कळले. जिना चढताना छातीवर कोणी धोंडा ठेवल्यासारखे होई, त्याचे नाव अंजायना. त्यावर आता कायमची गोळी: सकाळी आठला एक, दुपारी तीनला दुसरी, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. मी कारण विचारले. डॉक्टर म्हणाले, हे औषध अखंड दिले तर शरीराला त्याची सवय होते आणि गुण येईनासा होतो. म्हणून रोज काही तास खंड हवा.

पहिला आठवडा डोके ठणकले. औषध लागू पडत असल्याची ती खूण आहे, असे मी सांगताच तुमची ताई म्हणाली, "मग माझं चव्वेचाळीस वर्षं दुखतंय, ते काय लागू पडल्यामुळे?" या प्रश्नावर चिंतन करता करता मला साक्षात्कार झाला. चव्वेचाळीस वर्षे मी तिला सदुपदेश अखंड देत आलो आणि कणभर गुण आला नाही. दोष उपदेशाचा नव्हे, खंड नसण्याचा. त्याच दिवसापासून मी तीननंतर मौन धरले. (दिवसभराचा उपदेश तीनच्या आत आटोपावा लागे, त्यामुळे सकाळची मात्रा किंचित वाढली.) चौथ्या दिवशी तिने पिशवी भरली. "ही मात्रा झेपत नाही हो," म्हणाली, "मीच जरा खंड पाडते."

तिच्या मागे माझे उत्तम चालले आहे. अडचण एकच, तीनच्या सुमारास माझा डोळा लागतो. पूर्वी ती उठवी. आता खालच्या मजल्यावरील शिंपी जिन्यातून ओरडतो, "आजोबा, गोळी घेतलीत का?" त्याच्याकडे माप द्यायला आलेल्या बायकांना आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला माझ्या हृदयाचे वेळापत्रक पाठ झाले आहे. परवा जाग येऊनही मी उत्तर दिले नाही (एकटा असलो तरी तीननंतरचे मौन तोवर मोडले नव्हते). शिंप्याने खांद्याने दार ढकलले आणि गळ्यातल्या टेपेसकट, पाठीमागे चार माणसे घेऊन आत आला. इतके श्रोते आयतेच जमलेले पाहून मौन कोठल्या कोठे गेले. हृदयगुहेवर मी अर्धा तास बोललो. अखेर शिंपी म्हणाला, "आजोबा, तुम्ही आधी गोळी गिळा, म्हणजे आम्ही सुटलो." सगळे हसले, मीही पोट धरून हसलो. मग ते गेले, आणि पाण्याचा पेला माझा मीच भरून घेतला.

कळावे, लोभ असावा.

ता. क. 'उत्तम चालले आहे' हे वाक्य लिहिताना शिंपी समोर बसला होता. आता तो गेला आहे. घरात अकरा दिवस माझाच आवाज ऐकतो आहे, आणि त्यात नवीन काही नाही.

आणखी एक. डॉक्टरांनी प्रवासास परवानगी दिली आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, दोनच्या सुमारास तुमच्या दारात असेन. तीनची गोळी तिच्यासमोर घ्यावी, एवढीच इच्छा. ती नको म्हणाली तर एक शब्दही न बोलता परत फिरेन (प्रयत्न करीन).

शेवटचे. सध्या तुमच्या घरी टपाल प्रथम कोण फोडते हे मी जाणतो. म्हणून, हे पत्र जो वाचील त्याचे हृदय निरोगी राहो. जो ऐकेल त्याच्यावर एकट्याने जेवण्याची वेळ न येवो. जी तुमच्याआधी वाचून, पुन्हा घडी घालून, काहीच न वाचल्याच्या चेहऱ्याने तुमच्या हाती देईल तिला शंभर वर्षे आयुष्य लाभो. आणि सर्व वाचणाऱ्यांचे मंगल होवो.