ओवून ठेवलेली सुई

रविवार, १२ तारीख

ती. आईंना,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. शिवणयंत्राला मोटर बसवून घेतलीत हे फार चांगलं केलंत. पाच वर्षांपूर्वीच बसवायला हवी होती, पण तुम्हाला सांगणार कोण.

इकडे सगळे ठीक. तुमच्या लेकीला आठवा महिना लागून दहा दिवस झाले. पाय सुजतात. दोन जिने चढताना पहिल्या वळणावर थांबते आणि घरमालकाचा उद्धार करते. मग वर येते. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं जिथल्या तिथे आहे. भूक चांगली आहे.

गुंज चार वर्षांची झाली. शाळेतून येताना दुकानात थांबते. आल्या आल्या दुरुस्तीला आलेल्या पोत्यांच्या काट्यावर चढून विचारते, "बाबा, मी किती?" साडेपंधरा किलो. परवा म्हणाली, "आणि बाळ किती?" मी म्हटलं, ते अजून तोलता येत नाही. तिने जरा विचार केला. "आईला काट्यावर चढवा. मग त्यातून आईला वजा करा." हे घरी सांगितलं तर तिची आई म्हणाली, "मला कोणी काट्यावर चढवायचं नाही, सांगून ठेवते."

आमच्या मिस्त्रींनी तिला सांगितलं की गुंज हे सोनाराचं सगळ्यात लहान वजन. तेव्हापासून फुरंगटली आहे. बाळाला गुंज म्हणा, मला तोळा म्हणा, असा हट्ट चालू आहे.

आतली लहान खोली बाळासाठी मोकळी केली. भिंती मीच रंगवल्या. खिडकी पूर्वेची आहे, सकाळी ऊन थेट पाळण्याच्या जागेवर येतं. सध्या वर्तमानपत्र चिकटवलं आहे.

आज दुपारी हिने गुंजचे लहानपणीचे कपडे काढले. ट्रंक मी खाली उतरवून दिली. एकेक कपडा झटकून ती दोन ढीग करत होती, ठेवायचे आणि द्यायचे. त्यात ते दुपटं निघालं. निळ्या काठाचं. तिने काठावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबली.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, काय माहीत.

तिने ते दुपटं कुठल्याच ढिगात ठेवलं नाही. बाजूला ठेवलं.

तुमचं काम कसं चाललं आहे? सिनेमागृहाचे पडदे संपले का?


मंगळवार

वरचं पत्र टपालात टाकलं नाही. दोन दिवस शर्टाच्या खिशात आहे. आज दुकानात दुपारचं गिऱ्हाईक नाही, मिस्त्री जेवायला गेले आहेत, म्हणून पुढे लिहितो. जे लिहायला बसलो होतो ते परवा लिहिलंच नाही.

काय माहीत म्हटलं ते खोटं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तिलाही सांगायला नको. ती तुमची लेक आहे. पडद्याच्या दुमडीत घालायची शिशाची चकती तिला डोळे मिटून ओळखता येते. पडदा सरळ पडावा म्हणून असते, हे तिनेच मला लग्नानंतर शिकवलं होतं. बाळाच्या दुपट्यात ती कशाला, एवढंच तिला कळलेलं नाही.

चार वर्षं मी हे कोणाशी बोललो नाही. तुमच्याशीही नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे, तरी लिहू द्या.

गुंज जन्मली तेव्हा दोन किलो चारशे होती. आठ दिवसांत दोन किलो दोनशेवर आली. दुकानातला काटा मी घरी आणला. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, या घरात मला येतं असं हे एकच काम आहे. पारडं घासलं, दांडी शून्यावर आणली, प्रमाणित वजनं लावून तीनदा तपासला. दुपटं वेगळं तोललं, एकशेचाळीस ग्रॅम. ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. बाळाला दुपट्यासकट ठेवायचं आणि एकशेचाळीस वजा करायचे.

सकाळी एकदा तोलायचं असं ठरलं होतं. चार दिवसांत दूध पाजण्याआधी आणि पाजल्यावर, असं दिवसातून आठ-आठ वेळा तोलणं सुरू झालं. आकडा ती स्वतः वाचायची, माझ्यावर सोडायची नाही. पाच ग्रॅम कमी दिसले की ताट सरकवायची. झोप गेली. दूध आटत चाललं. काटा परत नेतो म्हटलं तर पारड्यावर हात ठेवून बसली. तुम्ही आलात तेव्हा हे असं होतं.

तुम्ही आलात आणि तोलणं पुन्हा सकाळी आठला एकदाच, असं ठरवून दिलंत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून वहीतला आकडा रोज वाढायला लागला. वीस, बावीस, वीस. ती दोन घास जास्त जेवायला लागली. एका दुपारी मी दुकानातून आलो तर ती गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. तुम्ही मला दारातच हाताने थांबवलंत.

त्याच दुपारी मी दुपटं पुन्हा तोललं. धुण्याने सूत झिजतं, म्हणून. दोनशे ग्रॅम भरलं.

माझा काटा रोज सकाळी मी तपासत होतो. तो खरा होता. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. दुपट्याच्या काठात रोज एक चकती शिवत गेलात. बारा बारा ग्रॅमच्या पाच.

स्वयंपाकघरात मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्हालाही आठवत असेल. लोकांचे खोटे काटे खरे करून मी पोट भरतो आणि माझ्याच घरात माझ्या मुलीचं खोटं वजन लिहिलं जातं. हे पडदे नाहीत, म्हणालो. तुम्ही म्हणालात, "हळू बोला. पंधरा दिवसांनी झोपलीय." मी हळू बोललो. हळूच म्हणालो की सकाळच्या गाडीने तुम्ही गेलेलं बरं. चकत्या त्याच सुरीने उसवल्या, ज्या सुरीने तुम्ही कांदा चिरत होतात. ओट्यावर टाकल्या.

तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या तिच्यासमोर काट्यावर ठेवाल तेव्हा तिच्याकडे बघा. आकड्याकडे नको."

सकाळी सहाच्या गाडीवर तुम्हाला सोडलं. लेकीला तुम्ही सांगितलंत, शाळेच्या हॉलच्या पडद्यांचं मोठं काम आलंय, नाही म्हणता येत नाही. ती म्हणाली, "पडदे मोठे की नात?" तुम्ही हसलात. तुमच्या पिशवीचा एक बंद मी धरला होता.

परत आलो. आठ वाजता तोलायचं होतं. दुपटं घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. घडी घालून ठेवलं होतं. शेजारी वाटीत पाच चकत्या. आणि काठात, उसवलेल्या जागेच्या सुरुवातीला, सुई टोचलेली. दोरा ओवलेला. निळा, काठाच्या रंगाचा. शेवटाला गाठ मारलेली.

आई, मी न्हाणीघरात कडी लावून बसलो आणि पाचही चकत्या परत शिवल्या.

माझा टाका तुम्ही बघितलात तर हसाल. बोटाला चार वेळा टोचली. बाहेरून ती विचारत होती, "झालं का रे? आठ वाजले." मी म्हटलं, आलो. आठ वाजून दहा मिनिटांनी गुंजला काट्यावर ठेवलं. मी आकड्याकडे पाहिलं नाही. ती वाचत होती. म्हणाली, "अठरा वाढले." आणि पोह्यांची बशी स्वतः ओढून घेतली.

त्या आठवड्यात बाळाला दवाखान्यात नेलं. वही नेली नव्हती. नर्सबाईंना वेगळं बोलावून खरं सांगणार होतो. त्यांनी स्वतःचं कार्ड काढलं. त्यावर सगळे आकडे आधीच होते. खरे. "आजी रोज फोन करायच्या," त्या म्हणाल्या, "चकत्या वजा करून सांगायच्या. बाळ हळू वाढतंय, पण वाढतंय. लंगोट ओले होताहेत, डोळे चमकताहेत, मला काळजी नाही. मला काळजी आईची होती. आजी कुठे आहेत?"

मी म्हटलं, गावाला गेल्या.

"मग आता फोन तुम्ही करा."

रोज केला. दुकानातून. मिस्त्रींना वाटायचं, गिऱ्हाईकाला वजन सांगतोय.

तुम्ही मला हे सांगू शकला असतात. स्वयंपाकघरात, किंवा बसची वाट पाहताना. वीस मिनिटं आपण शेजारी उभे होतो. तुम्ही मला गाडीचा पुढचा थांबा कुठला ते विचारलंत.

पुढे ज्या आठवड्यात गुंजने अंग धरलं, त्या आठवड्यात एकेक चकती काढत गेलो. आकडा एकदाही खाली आला नाही. चार काढल्या. मग एका सकाळी उठलो तर काट्याच्या पारड्यावर धुतलेल्या कपड्यांची चळत होती आणि तुमची लेक गॅलरीत बाळाला कावळा दाखवत होती. नऊ वाजून गेले होते. तोलायचं ती विसरली होती. तो काटा त्या दिवशी दुकानात परत नेला. पाचवी चकती राहून गेली.

मिस्त्री आले. थांबतो.


गुरुवार

काल संध्याकाळी तिला सांगितलं. गुंज शेजारी खेळायला गेली होती. सगळं सांगितलं, सुरीसकट.

ऐकून झाल्यावर तिने उठून कपाटातून ती वही आणली. मला वाटायचं, कधीच रद्दीत गेली असेल. पानं उलटून म्हणाली, "यातलं खरं कुठलं?" मी पेन्सिल घेऊन कडेला वजाबाकी करायला लागलो. तिने पेन्सिल काढून घेतली.

"राहू दे."

वही मिटून म्हणाली, "चार वर्षं मी तिला पडद्यांवरून टोमणे मारतेय. ती आली की दारातच. पडदे झाले का शिवून? आणि ती हसायची."

"हो."

"आणि तू तिथेच असायचास."

तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा पाहुण्यासारख्या दोन दिवस राहून गेलात. दोन्ही वेळा टोमणा ऐकून मी ताटाकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला चार वर्षं आलं नाही. तुमचं तोंड बंद होतं म्हणून माझं झाकलेलं राहिलं. याची क्षमा मागावी असं मनात होतं, पण लिहिताना लक्षात येतं की त्याहून आधी दुसरं लिहायला हवं. तुम्ही माझ्या बायकोला झोपवलंत. माझ्या मुलीला तिची आई परत दिलीत. आणि मी तुम्हाला घालवून देत असताना, त्याच संध्याकाळी, मला उद्या काय लागेल याचा विचार करून सुईत दोरा ओवून ठेवलात. मला शिव्या देत ओवला असेल तरी चालेल. ओवलात.

सकाळी मी चहा केला तो प्यायली, पण भिंतीकडे बघून. मग आतल्या खोलीतून हाक मारली. खिडकीवरचं वर्तमानपत्र काढून टाकलं होतं. उन्हात उभी होती. म्हणाली, टेप आण.

मी माप घेतलं. तिने माझ्या हातातून टेप घेऊन पुन्हा घेतलं. म्हणाली, "तुझ्या मापावर भरवसा नाही माझा." चार वर्षांत माझ्या धंद्याचा एवढा अपमान कोणी केला नव्हता, आणि मला इतकं बरं कशाने वाटलं नव्हतं.

तिचं माप असं. खिडकी रुंदीला चार फूट, उंचीला साडेतीन. पडदा खालपर्यंत हवा. दुमड मोठी. कापड तुमच्या पसंतीचं, पण निळं चालेल. शिवून पाठवायचं नाही. इथे येऊन शिवायचं, आणि शिवून झालं की गाडी पकडायची नाही. हे सगळं तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. तुम्हाला स्वतः लिही म्हटलं तर म्हणाली, "मला तिच्याशी पत्रात बोलायचं नाही. समोर बोलायचंय."

मग म्हणाली, "चकत्या जास्त आणायला सांग." मी तिच्याकडे बघितलं. "पडद्यासाठी," ती म्हणाली.

या वेळी काटा घरी येणार नाही. नर्सबाई तोलतील तेवढं पुरे.

या महिन्याच्या शेवटाआधी याल का? मी न्यायला येतो. कुठल्या गाडीने ते कळवा, सहाची असली तरी हरकत नाही. चकत्या आणा, दोरा आणा. सुई नको. ती चार वर्षं माझ्या दुकानातल्या गल्ल्याच्या वरच्या कप्प्यात, निळ्या दोऱ्याच्या उरलेल्या तुकड्यासकट, टोचून ठेवलेली आहे.

तुमचा,
काटेवाला