नीच मार्केट

बुध. २१ ऑगस्ट, लासुर्णे
मका तोडणी ७ वा. सुरू. कुट्टी पाऊण इंचच हवी. मशीनवाला दीडवर चालवत होता. थांबवला, पाती बदलायला लावली. विकायच्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याच्या, पिशव्या ५० किलोच्याच. दोन गायींच्या घरी मोठा गठ्ठा फोडला की संपेस्तोवर बुरशी धरते. हे कुठल्या कॉलेजानं नाही सांगितलं, माझं मी शोधलं.
पल्लवीला पुण्यात एमबीएला जागा मिळाली. म्हणते, जाणार नाही. "आबा, तुमीच म्हणता ना, तितं दोन वर्षं घालवण्यापेक्षा धंद्यात घाला." म्हणतो खरा. वीस वर्षं म्हणतोय, चारचौघांत. पण पोटच्या पोरीनं एवढं मनावर...
बायकोनं प्रवेशाचं पत्र देवापुढं ठेवलं.

गुरु. २२
बारामती एमआयडीसी. डेअरीच्या खरेदीसाहेबांपुढं मांडणी. पल्लवी सोबत. चार पानं तोंडपाठ. सुरुवात उत्तम. मग म्हणालो, "साहेब, आपलं नीच मार्केट हाय."
साहेब थांबले. शेजारच्या मॅडमनी फाईल तोंडापुढं धरली.
"स्वतःच्या गिऱ्हाइकांना असं का म्हणता?"
समजावलं: मोठ्या कंपन्या ज्या लहान कोपऱ्याकडं बघत नाहीत, तो आपला.
"अच्छा. निश." हळूच म्हणाले, चांगला माणूस. कळवतो म्हणाले.
धंद्याच्या इंग्रजी पुस्तकात एन-आय-सी-एच-ई आहे. अकरा वर्षं तसंच वाचलं. कानावर कधी पडलाच नाही.


शनि. २४
विचारलंच पल्लवीला. तुला ठाऊक होतं?
"व्हय."
कधीपासून? तर कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. मग बोलली का नाहीस?
"तुमाला कोण सांगणार, आबा?"
रागानं नाही म्हणाली. तेच लागलं.
पुस्तकं वाचून भरलेल्या सात वह्या काढल्या. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढं उच्चार माझ्या हातचा, लाल शाईत. यातले किती... बायको म्हणाली, मोबाईलला विचारा की, तो काय हसतोय व्हय. विचारलं. 'हायरार्की'ला मी 'हिरार्ची' म्हणत आलोय. पहिल्या वहीतच थांबलो. उच्चार दुरुस्त होतील. हिशेबाची, मालाची जी समज मी अशीच एकट्यानं करून घेतलीय, ती कोण तपासणार?

सोम. २६
प्रवेश पक्का करायला उद्या संध्या. ५ पर्यंत मुदत.
सकाळी शेजारचे तात्या पिशव्या न्यायला आले. पल्लवीसमोरच म्हणाले, "बाप आसा आसल्यावर पुणं कशाला? घरात कॉलेज हाय." मी हसलो. नेहमीसारखाच हसलो.
जा म्हणावं तर वीस वर्षांची बढाई होती हे कबूल. राहा म्हणावं तर तिच्याही वह्या अशाच भरणार, आणि चुकलं तर तिला सांगणारा मीच.
तात्या गेले. तिनं विचारलं, "आबा, खरं सांगा. काय करू?"
म्हणालो, पिशव्यांची तोंडं आवळून बांध, आत हवा राहता कामा नये.
तिनं बारा बांधल्या. मी एकेक तपासली. एकही सैल नाही. ती तिथंच उभी, माझ्याकडं बघत.