पाकळी हलवणारा ‘प’

बाई, ओझरच्या रस्त्यालगतची आपली शाळा हल्ली वारंवार डोळ्यांपुढे येते. आठवीचा वर्ग, आणि आमच्या मळ्यातून तुम्ही मला आणायला सांगितलेली झेंडूची फुलं. प्रत्येकाच्या तळहातावर तुम्ही एकेक पाकळी ठेवता आहात. “तोंडाजवळ धरा आणि इंग्रजीतलं ‘पेन’ म्हणा. पाकळी हलली पाहिजे.” आपला मराठी ‘प’ मऊ, पाकळी जागची हलत नाही. मग ओठ घट्ट मिटून आम्ही पुन्हा म्हणतो, आणि एकदम सगळा वर्ग केशरी होतो. बाकांवर, वेण्यांवर, खिडकीतून आलेल्या उन्हात पाकळ्याच पाकळ्या. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. “बाई, याला परीक्षेत मार्क नाहीत. धडे संपवा.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “सर, ही मुलं पानंच्या पानं इंग्रजी लिहितात आणि समोर माणूस आला की गप्प होतात. यांनी तोंड उघडायचं कधी?”

सगळ्यांत गप्प मीच होते. शनिवारी शाळा सुटली की तुम्ही मला घरी न्यायचात, पोहे परतता परतता इंग्रजीत विचारायचात, आज मळ्यात काय काय खुडलं? मी पुटपुटायचे. एकदा तुम्ही गॅस बंद केलात आणि माझ्याकडे वळलात. “उच्चार चुकला तर मी सुधारीन गं. पण आवाजच गिळलास तर मी काय सुधारू?” मला रडू आलं. मग मी इतक्या मोठ्यानं बोलले, की शेजारच्या काकू खिडकीशी आल्या.

आता मी नाशकातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. सुरगाण्याकडची एक मुलगी आहे. ती वाचायला उभी राहिली की मागचे बाक हसायचे. एक दिवस तिनं विचारलं, “मॅडम, मला इंग्रजांसारखंच बोलावं लागेल का?” मी म्हटलं, “नाही. समोरच्याला कळलं पाहिजे, आणि बोलताना तू तूच राहिली पाहिजेस.” शब्दात जोर कुठे द्यायचा, एवढंच आम्ही दोघी घोटत बसलो. काल ती मुलाखतीहून आली. तिचा ‘डेव्हलप’ साहेबांना दोनदा कळला नाही. तिनं मान खाली घातली नाही, मधल्या अक्षरावर जोर देऊन तोच शब्द सावकाश म्हणाली. “नोकरीचं अजून कळायचंय, मॅडम. पण मी शेवटपर्यंत बोलले.” आज बैठकीत उच्चारांचा तास व्याकरणाला द्यायचं चाललं होतं. मी तिची गोष्ट सांगितली. तास राहिला, आठवड्यातून एकच, पण राहिला.

हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हीच आता या जगात नाही, तेव्हा हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून आणखी एक सांगते. इतकी वर्षं मी आवाजच शिकवते आहे, आणि तुमचा आवाज मला आता आठवत नाही. तुमची वाक्यं तेवढी आठवतात, आणि ती माझ्याच आवाजात ऐकू येतात.